राक्षसी तारे, रासायनिक दृष्ट्या विलक्षण

ज्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या पृष्ठभागावरील मूलद्रव्यांचे परस्परप्रमाण नेहमीच्या ताऱ्यांहून ठळकपणे निराळे असते, त्यांना ही संज्ञा लावतात. त्यांचे प्रकार वर्णपटावरून ठरवितात. तथापि सारखा वर्णपट असलेल्या ताऱ्यांचा पूर्वेतिहास सारखाच असतो असे नाही.

वर्गीकरणाची किल्ली कार्बन व ऑक्सिजन यांच्या प्रमाणात आहे. कार्बन मोनॉक्साइडाचा रेणू अतिशय स्थिर असल्याने या दोहोंपैकी जे मूलद्रव्य कमी असते, ते जवळजवळ सर्व त्यात अडकून पडते व उरलेल्याची छाप वर्णपटावर पडते. सूर्यात कार्बनाचे अणू ऑक्सिजनाच्या सु. निम्मे आहेत. अशीच स्थिती असलेल्या, माइरासारख्या एम वर्गीय ताऱ्यांत ऑक्सिजन शिल्लक राहून टिटॅनियम ऑक्साइडाचे पट्ट उमटतात. कार्बन वरचढ झाल्यास द्विअणू कार्बन व सायनोजन यांचे पट्ट दिसतात. हे कार्बन तारे होत. त्यांच्यातील निळा-जांभळा प्रकाश बहुतांशी शोषला जातो. शशक तारकासमूहातील आर हा तारा जॉन रसेल हिंड यांना १८४५ मध्ये रक्ताच्या थेंबासारखा भासला, तो यामुळेच. दोन्ही मूलद्रव्ये जवळपास समप्रमाणात असल्यास झिर्कोनियम ऑक्साइडाचे पट्ट ठळक होतात व तारा एस वर्गात मोडतो.

राक्षसी अवस्थेच्या अखेरीस ताऱ्याच्या गाभ्याभोवतीच्या थरात हीलियमापासून कार्बन बनतो. तेथेच लोखंडासारखी अणुकेंद्रे एकेक न्यूट्रॉन सावकाश पकडत जाऊन झिर्कोनियम, बेरियम इ. जड मूलद्रव्ये तयार होतात व संनयन प्रवाहांनी वर येतात. याचा निर्णायक पुरावा पी. डब्ल्यू. मेरिल यांना १९५२ मध्ये मिळाला. एस ताऱ्यांच्या वर्णपटांत त्यांना टेक्नेशियमाच्या रेषा आढळल्या. या प्रक्रियेत बनणाऱ्या टेक्नेशियम-९९ चे अर्धायुष्य सु. २·१ लाख वर्षे, म्हणजे ताऱ्याच्या वयाच्या मानाने क्षणभरच आहे. तेव्हा ते ताऱ्याला जन्मतः मिळालेले असणे शक्य नाही.

मात्र काही एस ताऱ्यांत टेक्नेशियम आढळत नाही. याचा उलगडा बेरियम ताऱ्यांवरून होतो. मकर तारकासमूहातील झीटा हा असा तारा आहे. बिडेलमन व कीनन यांनी १९५१ मध्ये वेगळे ओळखलेले हे तारे एस ताऱ्यांहून उष्ण असून जड मूलद्रव्ये स्वतः निर्माण करण्याइतके उत्क्रांत झालेले नसतात. ते तारकायुग्मातील घटक असल्याचे मॅक्ल्यूर व त्यांचे सहकारी यांना अरीय वेगातील नियतकालिक फरकांवरून १९८० मध्ये दिसून आले. जोडीदाराने आपल्या राक्षसी अवस्थेत टाकलेले द्रव्य त्यांच्यावर साचले. तो जोडीदार आता मंद श्वेत लघुतारा झाला आहे आणि मिळालेले टेक्नेशियम केव्हाच क्षय पावले आहे. बेरियम तारा पुढे फुगून थंड झाला की टेक्नेशियमरहित एस तारा म्हणून दिसतो. सीएच तारे हे त्यांचेच जुने, धातूंची कमतरता असलेले भाऊबंद होत.

जे प्रकारचे कार्बन तारे मात्र या दोन्ही मार्गांत बसत नाहीत. त्यांच्यात कार्बन-१३ हा समस्थानिक विपुल असतो, पण जड मूलद्रव्यांची वाढ सहसा आढळत नाही. त्यांच्या उत्पत्तीविषयी एकमत नाही.