वाढत्या अंगाचा फुटबॉल

मोठ्यांच्या सामन्यात फुटबॉलपटू नव्वद मिनिटांत साधारण १० ते १२ किलोमीटर अंतर कापतो. हे अंतर एका दमात पळालेले नसते. चालणे, रमतगमत धावणे, एकदम मुसंडी मारणे, जागच्या जागी थांबणे, वळणे, उडी घेणे असे त्याचे शेकडो तुकडे असतात आणि गोल बहुधा त्यातल्या मोजक्या वेगवान तुकड्यांत होतो. म्हणूनच सरावाआधी मुलांना मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावण्याची जुनी रीत फारशी उपयोगाची नाही. त्या फेऱ्यांनी मुले दमतात, पण सामन्यासाठी तयार होत नाहीत.

त्यातही मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, तर मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वात झपाट्याने वाढते. या काळात हाडे आधी लांब होतात. स्नायू आणि त्यांची ताकद मागाहून येते. कालपर्यंत चेंडू पायाला चिकटल्यासारखा खेळवणारा मुलगा अचानक अडखळू लागतो, ते याचमुळे. त्याला आळशी ठरवणाऱ्या प्रशिक्षकाने दर तीन महिन्यांनी त्याची उंची मोजली, तर खरे कारण भिंतीवरच्या खुणेतच दिसेल.

हाडांची वाढ त्यांच्या टोकांजवळच्या मऊ पट्ट्यांत होते. स्नायूंची ओढ याच कोवळ्या जागी बसते. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखरा उंचवटा येतो, त्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. त्याआधीच्या वयात टाच दुखते, तो सेव्हर्सचा विकार. दोन्ही बहुधा वाढ पुरी झाल्यावर आपोआप बरे होतात. मात्र तोपर्यंत उड्या आणि धावणे कमी करावे लागते. ‘दुखणे अंगावर काढ’ हा सल्ला इथे चुकीचा. एकाच इयत्तेतल्या दोन मुलांच्या शारीरिक वयात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. जन्मसालावरून संघ पाडण्याच्या पद्धतीत उशिरा वाढणारी कुशल मुले मागे पडतात. इंग्लंडमधल्या काही अकादम्यांनी यावर उपाय म्हणून अधूनमधून शारीरिक वाढीनुसार गट करून सामने खेळवले आहेत.

दुखापती टाळण्यासाठी सर्वात तपासून पाहिलेला कार्यक्रम म्हणजे ‘फिफा ११+’. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या सुमारे १,९०० मुलींवर त्याची चाचणी झाली आणि निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. हा कार्यक्रम करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. त्याला लागतात वीस मिनिटे आणि एक चेंडू. आधी आठ मिनिटे हळू धावणे, मग दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल यांचे व्यायाम, शेवटी दोन मिनिटे वेगाची धाव. मधल्या भागातला एक व्यायाम पाहण्यासारखा आहे. खेळाडू गुडघ्यांवर बसतो, जोडीदार त्याचे घोटे जमिनीशी दाबून धरतो आणि खेळाडू गुडघ्यापासून डोक्यापर्यंत ताठ राहून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकतो. मांडीच्या मागचा स्नायू अक्षरशः थरथरतो. मुसंडी मारताना हाच स्नायू वारंवार दुखावतो, म्हणून तो असा कसून घ्यायचा.

उडीवरून उतरणे हे तर स्वतंत्रपणे शिकवावे लागते. उतरताना गुडघे आत वळले, की गुडघ्याच्या सांध्यातल्या अस्थिबंधावर ताण येतो आणि तो दुखावू शकतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा अधिक आढळते. दोन्ही पायांवर आवाज न करता, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उतरायचे, इतके साधे ते आहे. पण पाहणारा समोर उभा असल्याशिवाय जमत नाही.

वजने उचलल्याने उंची खुंटते, हा समज पालकांच्या मनातून अजून गेलेला नाही. देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने असे होत असल्याचा पुरावा नाही. बैठका, जोर, प्लँक यांपासून सुरुवात करून पद्धत पक्की झाल्यावरच वजन वाढवावे.

दमाचा सराव चेंडूसकट केलेला बरा. लहान मैदानात चार विरुद्ध चार असा खेळ लावला, की कोणालाच लपून राहता येत नाही. मोठ्या मुलांसाठी चार-चार मिनिटांच्या जोरकस धावांचे टप्पेही उपयोगी ठरतात. नॉर्वेतल्या सुमारे अठरा वर्षांच्या खेळाडूंनी असा सराव आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे केला, तेव्हा सामन्यात त्यांनी कापलेले अंतर वीस टक्क्यांनी वाढले. हे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांच्या मुलांना त्याची गरज नाही.

उरलेली तयारी मैदानाबाहेरची. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. पहाटेचा सराव, शाळा आणि रात्रीची शिकवणी यांच्या ओढाताणीत नेमकी तीच कापली जाते. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण विश्रांती हवी. पाळी सुरू झालेल्या मुलींच्या आहारात लोहाकडे लक्ष द्यावे लागते. आणि महाराष्ट्रातली मे महिन्याची शिबिरे सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच घ्यावीत, पाण्यासाठी वारंवार थांबावे. चक्कर, मळमळ किंवा गोंधळलेले बोलणे दिसताच खेळाडूला सावलीत नेऊन अंग गार करावे आणि लगेच डॉक्टरांना बोलवावे.