आधी दसरा, मग पाडवा?

मुलांनो, वर्षातले सण क्रमानं सांगा पाहू! गुढीपाडवा, वटपौर्णिमा, नागपंचमी, दसरा, होळी... तुम्ही धडाधड सांगाल. आता याच पाच सणांपुढे त्यांचे मराठी महिने लिहा, यादी संगणकाला द्या आणि सांगा, ‘महिन्यांप्रमाणे लाव.’ काय उत्तर येईल, ठाऊक आहे? आधी दसरा, मग पाडवा, मग वटपौर्णिमा, होळी आणि अगदी शेवटी नागपंचमी!

संगणक बिघडला की काय? छे! त्यानं आपलं काम चोख केलं. आश्विन, चैत्र, ज्येष्ठ, फाल्गुन, श्रावण असे महिने त्यानं अकारविल्हे लावले. चैत्रात वर्ष सुरू होतं हे त्याला कुठं माहीत? त्याला फक्त आकडे कळतात. युनिकोड नावाची एक पद्धत आहे. ती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. ‘आ’चा २३१०, ‘च’चा २३३०, ‘श’चा २३५८. लहान आकडा आधी, मोठा नंतर. झाली यादी तयार!

खरा धोका पुढंच आहे, बरं का. अशा वेळी संगणक ‘चुकलं’ असं म्हणत नाही. यादी दिसते नीटनेटकी, म्हणून आपणही डोळे झाकून विश्वास ठेवतो. गणवेशाच्या मापांचंच बघा. लहान, मध्यम, मोठा हे शब्द अकारविल्हे लावले तर मध्यम, मोठा, लहान असे येतात. इथं ‘लहान’ सगळ्यात शेवटी!

मग उपाय काय? सोपा आहे. आपल्याला हवा तो क्रम आपणच संगणकाला लिहून द्यायचा. पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा तुम्ही ऐकली असेल. तिच्यात आधी चैत्र ते फाल्गुन अशी बारा नावांची यादी करायची. पायथन शून्यापासून मोजतो, म्हणून चैत्र ०, वैशाख १, असं करत फाल्गुन ११. मग क्रम लावताना सांगायचं, ‘बाबा रे, नावाची अक्षरं पाहू नकोस, या यादीतला त्याचा नंबर पाहा.’ ज्याच्यावरून तुलना करायची, त्याला तिथं ‘की’ म्हणजे किल्ली म्हणतात. किल्ली बदलली की क्रम बदलला! आता पाडवा पहिला येतो आणि होळी शेवटी.

नागपंचमी आणि राखीपौर्णिमा दोन्ही श्रावणातल्या, म्हणजे नंबर सारखाच. मग? पायथन त्यांना मूळ यादीत होत्या तशाच मागंपुढं ठेवतो. तिथीप्रमाणे हव्या असतील, तर तिथीची दुसरी किल्ली द्यायची.

आता एक गंमत. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. आपल्या यादीत तर बाराच नावं! हे तेरावं नाव दिसताच संगणक अडतो आणि चूक दाखवतो. ‘आश्विन’ऐवजी ‘अश्विन’ लिहिलंत तरी तसाच अडेल. आषाढ आणि श्रावण यांच्यामध्ये ‘अधिक श्रावण’ लिहिलं, की पुढच्यांचे नंबर आपोआप सरकतात. म्हणजे यादी करताना कोणतं नाव येऊ शकेल, याचा विचार आपणच करायचा.

आणि अकारविल्हे तरी एकच असतं का? शाळेत आपण ‘ह’नंतर ‘ळ’ म्हणतो. युनिकोडमध्ये मात्र ‘ळ’चा क्रमांक २३५५, म्हणजे ‘ल’च्या लगेच पुढं. देवनागरी लिपी हिंदी, संस्कृत, नेपाळी आणि मराठी अशा अनेक भाषांची आहे ना! म्हणून ‘कळस’ आणि ‘कवच’ यांत आकड्यांप्रमाणे ‘कळस’ आधी येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘कवच’. मराठी क्रम हवा असेल, तर तोही संगणकाला सांगावाच लागतो.

घरी संगणक नसला तरी अडत नाही. सात चिठ्ठ्यांवर सात वार लिहा आणि त्या अकारविल्हे लावा. पहिला वार कोणता? शेवटचा कोणता? आई-बाबांनाही आधी ओळखायला सांगा.

(उत्तर : गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार.)