मेलेल्या माणसाची होडी

आपल्याला होडी काही नवी नाही. जवळच सावित्रीची खाडी आहे, शेजारच्या दासगावाला पूर्वी बंदर होते. होडी कशाला लागते? पाण्यापलीकडे जायला. मग मेलेल्या माणसाला होडी कशाला? पण जुन्या काळच्या लोकांनी ती दिलेली आहे बरं का!

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. उत्खनन म्हणजे एकेक थर जपून काढत केलेली खोदाई. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव मातीखाली निघाले. गावाच्या मधोमध पाच खोल्यांचे मोठे घर होते. त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला. आत पाहतात तो काय, मांडी घालून बसवलेल्या पुरुषाचा सांगाडा! सोबत एक भांडे होते आणि त्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली होती.

बाकीच्या मोठ्या माणसांना बहुधा जमिनीत आडवे, उत्तरेकडे डोके करून पुरत. याचा मान वेगळा दिसतो. म्हणून हा गावचा प्रमुख असावा, असे संशोधक म्हणतात. आजी वैतरणी नदीची गोष्ट सांगते ना? तशीच काही समजूत त्या लोकांचीही असावी.

आता दूर नॉर्वे देशात चला. तिथल्या ओसेबर्ग गावी १९०३ साली एक शेतकरी आपल्या शेतातली टेकाडी खणत होता. लाकूड लागले. तो गप्प बसला नाही. संग्रहालयातल्या प्राध्यापकांना जाऊन सांगितले. १९०४ साली खोदाई झाली, तेव्हा सुमारे ७० फूट लांबीचे, वल्ह्यांच्या १५ जोड्यांचे आख्खे जहाज निघाले! इ. स. ८३४ मध्ये ते दोन स्त्रियांसह पुरले होते. चिकणमातीत हवा न लागल्याने लाकूड टिकले. आपल्याकडे चित्रातली होडी, तिकडे खरीखुरी!

पण फार पूर्वी चोरांनी ती टेकाडी फोडली होती. हाडे विस्कटली, दागिने गेले. त्या स्त्रिया कोण होत्या, हे आता नक्की सांगता येत नाही.

इनामगावच्या लोकांना लिहिता येत नव्हते. तरी त्यांच्या मनातले आपल्याला थोडे कळले, कारण भांडे सांगाड्याजवळच राहिले. कोणी ते उचलून घरी नेले असते, तर ते नुसते नक्षीचे मडके ठरले असते. वस्तूइतकीच तिची जागाही बोलते.

म्हणून मुलांनो, नांगरताना किंवा विहीर खणताना जुनी भांडी, नाणी, कोरीव दगड दिसले, तर हलवू नका, फोडू नका. जागेवर खूण करा आणि गुरुजींना, नाहीतर पोलीस पाटलांना लगेच सांगा.