मिशन बंगल्यातला परदेश

सोलापूरला आगगाडी पोहोचली १८६० साली. त्याच दशकात रेव्हरंड चार्ल्स हार्डिंग हे अमेरिकन पाद्री इथे मुक्कामाला आले. अमेरिकेच्या थंड ईशान्य भागातून आलेल्या या मंडळींना सोलापूरचा उन्हाळा, पाण्याची चणचण आणि दर काही वर्षांनी दार ठोठावणारा दुष्काळ यांच्याशी जुळवून घ्यायचं होतं. गावानं त्यांना ‘साहेब’ आणि ‘मडमबाई’ म्हटलं, त्यांच्या घराला ‘मिशन बंगला’. त्या बंगल्यात राहणारी माणसं सुखी होती का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही.

हार्डिंग ज्या अमेरिकन मराठी मिशनचे, त्याची सुरुवातच हद्दपारीच्या धमकीनं झाली होती. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१२ साली कलकत्त्याला उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते आणि अमेरिका-इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलेलं होतं. देश सोडण्याचा हुकूम चुकवून दोघं फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोहोचले. तिथेही परत पाठवण्याची टांगती तलवार होतीच. नॉट आजारपणामुळे १८१५ साली मायदेशी परतले. हॉल राहिले, मराठी शिकले, रस्त्यावर उभं राहून मराठीत बोलू लागले. पहिल्या कित्येक वर्षांत धर्म स्वीकारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, आणि कामाचा हिशेब मिशनच्या बॉस्टनमधल्या मुख्य मंडळाला पाठवावा लागे. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक परिसरात फिरताना हॉल यांना पटकीनं गाठलं. बायको-मुलं त्याआधीच अमेरिकेला रवाना झाली होती. परक्या गावात, घरच्या एकाही माणसाशिवाय त्यांनी प्राण सोडला.

या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख उन्हाचं नव्हतं, उपेक्षेचंही नव्हतं. ते मुलांचं होतं. काही मुलं इथेच दगावत. जगलेल्यांना शिक्षणासाठी सातासमुद्रापार धाडावं लागे आणि मग वर्षानुवर्षं नुसती पत्रं. सुएझचा कालवा १८६९ साली खुला होण्यापूर्वी अमेरिकेतून मुंबईला यायला शिडाच्या जहाजाला कित्येक महिने लागत. म्हणजे आईला लेकराच्या तापाची बातमी मिळेपर्यंत ताप उतरलेला असे, नाहीतर लेकरू गेलेलं असे. पुढे १९०१ साली कोडाईकनालला मिशनऱ्यांच्या मुलांसाठी शाळा निघाली आणि ही ताटातूट थोडी सुसह्य झाली.

ह्यूम कुटुंबाची गोष्ट या बाबतीत फार काही सांगते. रॉबर्ट विल्सन ह्यूम मुंबईत मिशनरी होते. तब्येत ढासळल्यावर १८५४ साली ते मायदेशी निघाले आणि वाटेत समुद्रावरच वारले. विधवा आई मुलांना घेऊन अमेरिकेला पोहोचली. ज्या कामानं वडील गेले त्या कामाचं नाव या घरात पुन्हा निघायला नको होतं, असं आपल्याला वाटेल. पण मुंबईत जन्मलेले दोन मुलगे, रॉबर्ट आणि एडवर्ड, मोठे होऊन परत इथेच आले. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी अहमदनगरला अर्धशतक काढलं. दुष्काळातल्या कामासाठी सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. अशा माणसाच्या लेखी परदेश कुठला? बालपणीचं मराठी ज्याच्या कानात आहे, त्याला अमेरिकाच परकी वाटली असेल तर नवल नाही.

सोलापुरातही असाच धागा दिसतो. हार्डिंग घराण्यातल्या मेरी हार्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे बालवाडी चालवली आणि बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्याचं काम हाती घेतलं. लहान मूल खेळातून, गाण्यातून, हातानं काही घडवत शिकतं, हा जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांचा विचार तेव्हा आपल्याकडे अगदी नवा होता. अक्षरं घोकून घेणं म्हणजेच शाळा, असं मानणाऱ्या काळात गिरणगाव होत चाललेल्या सोलापुरात मुलांना खेळू देणारी शाळा निघाली, याचं मोल फार मोठं आहे. मुलींसाठी मिशनची वोरोनोको शाळाही होती.

आनंद मिळाला तो बहुधा अशाच ठिकाणी. सिंथिया फरार १८२७ साली मुंबईला आल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनवर पाठवलेल्या त्या पहिल्या अविवाहित स्त्री मानल्या जातात. मुंबईत आणि मग अहमदनगरला त्यांनी मुलींना शिकवलं आणि १८६२ मध्ये नगरलाच त्यांचा अंत झाला. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली. पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा नगरच्या या मिशन शाळांतून मिळाल्याचं त्यांनी पुढे स्वतः नमूद केलं. फरारबाई आल्या होत्या धर्मप्रसारासाठी. त्यांच्या वर्गातली ठिणगी जिथे पोहोचली, ते त्यांच्या योजनेत कुठेच नव्हतं. तरीही एका शिक्षिकेला याहून मोठं समाधान कोणतं मिळणार?

सगळंच इतकं स्वच्छ नव्हतं. सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे नाव आजही वस्तीला चिकटून आहे. १८७१ साली सुरू होऊन पुढे विस्तारत गेलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं कैकाडी, पारधी, कंजारभाट अशा कितीतरी समाजांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. त्यांना ठेवण्याची वसाहत म्हणजे ही सेटलमेंट. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली माणसं गिरण्यांत राबत आणि हजेरीला उभी राहत. या वसाहतीचं काम काही काळ अमेरिकन मिशनकडे होतं. मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या पाद्र्याचा हेतू चांगला असेल, पण हजेरीची वही ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या दयेवर कुंपणातल्या माणसानं विश्वास तरी कसा ठेवायचा? अन्यायाच्या यंत्रणेत शिरून माणुसकी करू पाहणाऱ्याला त्या यंत्रणेचा भागही व्हावं लागलं. मिशनच्या इतिहासातलं हे पान चाळून पुढे जाणं सोपं आहे, पण ते योग्य नाही. तो कायदा रद्द झाला ऑगस्ट १९५२ मध्ये.

आणि ज्यांनी धर्म बदलला त्यांचं काय? मिशनऱ्याला निदान परतीचं जहाज होतं. इथल्या माणसाला आपल्याच गल्लीत परकं व्हावं लागे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. त्या दुराव्याचा काही काळ त्यांनी याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरात काढला. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतं की पाद्र्यांच्या अहवालात ज्याची एका ओळीत नोंद होते, ते एखाद्या बाईला किती वर्षं पुरतं.

सोलापूरनं आपलाही एक मुलगा दूरदेशी धाडला आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस धर्मप्रसारक नव्हते. १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथेच लग्न केलं आणि डिसेंबर १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. परक्यांची शुश्रूषा करता करता त्यांचाच होऊन जाणं म्हणजे काय, हे या गावाला दुसऱ्या टोकाकडूनही ठाऊक आहे. म्हणूनच मिशन बंगल्यातल्या बाईकडे सोलापूरकरानं थोड्या अधिक आपुलकीनं पाहायला हरकत नसावी.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी कमी होत गेले. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अमेरिकन मिशनमधून उभ्या राहिलेल्या मंडळ्या त्यात आल्या. तोवर शाळांच्या मुख्याध्यापिका, दवाखान्यांतल्या परिचारिका, मंडळ्यांचे पाळक बहुतेक मराठीच होते. आता पगार कुठून द्यायचे, जुन्या इमारतींची डागडुजी कशी करायची, मुलं कशी टिकवायची, हे प्रश्न त्यांच्यापुढे होते, आणि उत्तरासाठी बॉस्टनकडे पाहण्याचे दिवस सरले होते.