टेबल म्हणजे फक्त रेघांचा तक्ता नव्हे

‘अर्जात टेबल कशाला? ते तक्त्यासाठी असतं. स्पेस मारून जुळवा!’ कर्जत असो की खालापूर, तहसील कचेरीच्या आसपास जिथे अर्ज आणि शपथपत्रं टाइप होतात, तिथे हे हमखास ऐकू येतं. मग डावीकडे ‘ठिकाण : खालापूर’ आणि उजवीकडे ‘अर्जदाराची सही’ एवढ्यासाठी स्पेसबार बडवला जातो.

ही सवय टाइपरायटरची. तिथे स्पेस असो वा अक्षर, गाडी बहुधा सारखंच अंतर सरकायची. मोजून स्पेस मारल्या की रकाने जुळायचे. संगणकाच्या फॉन्टमध्ये अक्षरांची रुंदी वेगवेगळी असते. ‘र’ अरुंद, ‘क्ष’ रुंद. वारसांच्या यादीत एक नाव लांबलं की त्या ओळीतलं वय आणि नातं सरकलंच. ‘मंगल’ फॉन्टमध्ये जुळवलेला अर्ज ‘कोकिला’मध्ये केला की मजकूर आक्रसतो. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्टच नसेल, तर पर्यायी फॉन्ट येतो आणि सगळी मांडणी कोलमडते. यात दोष प्रिंटरचा नाही. स्पेस दोन शब्द वेगळे करण्यासाठी आहे, रकाने पाडण्यासाठी नाही!

उपाय सोपा आहे. वर्डमध्ये एक ओळ आणि दोन रकाने असलेलं टेबल घाला. डावीकडे ठिकाण व दिनांक, उजवीकडे सही लिहा आणि ‘नो बॉर्डर’ निवडा. रेघा छापल्या जात नाहीत, मजकूर जागचा हलत नाही. लग्नाच्या बायोडेटाला तीन रकाने करा : शीर्षक, अपूर्णविराम, माहिती. पत्ता कितीही लांबला तरी स्वतःच्याच रकान्यात खाली उतरतो.

आणखी काही गैरसमज :

‘टेबलमध्ये टॅब देता येत नाही.’ येतो, कंट्रोल धरून टॅब दाबा.

‘टेबलमध्ये वेलांट्या कापल्या जातात.’ ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ ठेवल्याने तसं होतं. ‘ॲट लीस्ट’ ठेवा.

‘शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर पुन्हा टाइप करावी लागते.’ नाही, ‘रिपीट हेडर रोज’ त्यासाठीच आहे.

‘वर्तमानपत्रासारखे रकानेही टेबलनेच करावेत.’ नको, एका रकान्यातला मजकूर आपोआप दुसऱ्यात वाहत नाही. तिथे ‘कॉलम्स’ वापरा.

‘मांडणीसाठी टेबल वापरणं चूकच.’ हे अर्धसत्य आहे. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मानकाने तसं बजावलं, ते वेबपानांबद्दल. वर्डमध्येही टेबल माहितीपुरतंच ठेवावं, असं मायक्रोसॉफ्टचं सुगम्यतेबाबतचं मार्गदर्शन सांगतं. कारण स्क्रीन रीडर टेबल ओळीने, एकेक चौकट वाचतो. फाइल दृष्टिहीन वाचकाकडे जाणार असेल, तर हा सल्ला पाळाच. छापून सही करायच्या अर्जाला ही अडचण नाही.

टायपिंग क्लास चालवणाऱ्यांना विनंती : संगणक टायपिंगच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेसाठी मिनिटाला ३० आणि ४० शब्दांचा वेग तुम्ही शिकवता, त्याच वर्गात सहीसाठीचं हे दोन रकान्यांचं टेबलही शिकवा.