पाणी मुरू द्या

मुलांच्या हट्टापायी काचेची टाकी घरात येते, चार गोल्डफिश येतात आणि आठवड्याभरात एकेक मासा उलटा तरंगू लागतो. दुकानदाराने आजारी मासे दिले, असे आपण म्हणतो. पुष्कळदा मासा धडधाकट असतो. पाणीच कच्चे असते.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेले खाद्य कुजून त्यात भर घालते. पाणी नितळ दिसते, पण ते विषारी झालेले असते. जुन्या टाकीत वाळूवर, फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. ते अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचे बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. एवढा धीर मुलांना कुठला? मोठ्यांनाही नसतो!

तोवर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे, जिवाणूंना तोच घास. ओळखीच्या घरातल्या निरोगी टाकीचा वापरलेला स्पंज मिळाला तर काम लवकर होते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवणारे औषध दुकानात मिळते. मासे एकदम न आणता दोन-दोन आणावेत. पिशवी १५-२० मिनिटे टाकीत तरंगत ठेवून मगच सोडावेत. आणि स्पंज नळाखाली धुऊ नये, टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा.