जुन्या ट्रकचा सेल्फ लागत नाही? आधी आवाज ऐका, मग खर्च करा

गेल्या धान हंगामात बोदलकसा तलावाजवळच्या उतारावर आमचा जुना ट्रक उभा होता. धानाची पोती भरलेली, माल तिरोड्याला पोहोचवायचा, पहाटेची थंडी. नमाज आणि चहा उरकून किल्ली फिरवली तर ‘कट’ असा एकच आवाज आला आणि गाडी गप्प. भरलेला ट्रक ढकलणं दोघा-तिघांच्या हातचं काम नाही. आमच्या भाच्याने पेचकस घेतला आणि सोलेनॉइडचे दोन बोल्ट जोडून सेल्फ मारायला तो गाडीखाली सरकला.

तेवढ्यात सोबतचे बुजुर्ग ड्रायव्हर चाचा ओरडले, “थांब! आधी गियर बघू दे.” हँडब्रेक ढिला असल्याने उतारावर गाडी पहिल्या गियरमध्येच ठेवली होती. पेचकस टेकला असता तर सेल्फने चाकं फिरवली असती आणि इंजिन चालू झालं असतं तर ट्रक थेट त्याच्या अंगावरून गेला असता.

नंतर सापडलं काय? चॅसीवरून इंजिनला जाणारी अर्थची पट्टी. बोल्ट ढिला, खाली हिरवा गंज. पट्टी काढली, सँडपेपरने घासली, आवळली आणि गाडी पहिल्या झटक्यात उचलली. याच दुखण्यासाठी एका गॅरेजने आठवडाभर आधी आम्हाला पूर्ण सेल्फ बदलायला सांगितलं होतं. ज्या घराची रोजी एका जुन्या गाडीवर चालते, तिथे हा फरक लहान नसतो. म्हणून सेल्फचं हे काम आज सविस्तर सांगतो आहोत.

सेल्फ काम कसं करतो?

1912 च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला इलेक्ट्रिक सेल्फ आला, त्याआधी इंजिन हँडल मारून चालू करावं लागे. गॅरेजमध्ये आपण ज्याला ‘बेंडिक्स’ म्हणतो, ते नावही व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाचं आहे.

किल्ली फिरवली की बारीक वायरीतून करंट सोलेनॉइडला जातो. सोलेनॉइड म्हणजे सेल्फच्या पाठीवर बसलेली गोल डबी. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक दांडा खेचणारं आणि दुसरं तो धरून ठेवणारं. दांडा आत गेला की त्याला जोडलेला फोर्क बेंडिक्सचा पिनियन पुढे सरकवतो आणि पिनियनचे दात फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये बसतात. त्यानंतर डबीतली तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर दाबली जाते आणि बॅटरीचा पूर्ण करंट मोटरला मिळतो. म्हणजे आधी दात, मग ताकद. बिघाड यातल्या कोणत्या पायरीवर आहे, हे बहुतेक वेळा आवाजच सांगतो.

आवाजावरून ओळख

काहीच आवाज नाही: हेडलाइट लावून बघा. लाइट मंद असेल तर बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. लाइट चांगला असेल तर किल्लीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर. जुन्या गाडीत ही वायर सायलेन्सरच्या उष्णतेने कडक होऊन आतून तुटते, वरून मात्र साबूत दिसते.

‘कट’ असा एकच आवाज: सोलेनॉइडने दांडा खेचला, पण मोटरला ताकद मिळाली नाही. टर्मिनल, जाड केबल आणि अर्थ आधी तपासा. तिथे सगळं ठीक असेल तर डबीतली चकती जळालेली असते किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात.

‘कट-कट-कट-कट’: बहुतेक वेळा बॅटरी कमजोर किंवा जोड ढिला. चकती टेकते, मोटर करंट ओढते, व्होल्टेज पडतं, दांडा सुटतो. करंट थांबला की व्होल्टेज वर येतं आणि दांडा पुन्हा खेचला जातो. बॅटरी भरलेली असूनही असंच होत असेल तर धरून ठेवणारं वेटोळं तुटलेलं असू शकतं.

मोटर ‘घुंऽऽ’ फिरते, इंजिन हलत नाही: पिनियन रिंगपर्यंत पोहोचत नाही किंवा बेंडिक्सचा क्लच आतून घसरतो. कधी फोर्क तुटलेला असतो. इंजिनचं मागचं ऑइल सील गळत असेल तर ऑइल आणि कोंड्याची धूळ मिळून बेंडिक्सवर चिखल बसतो आणि तो सरकत नाही. सेल्फ उतरवून शाफ्ट पुसून घ्या, पण बेंडिक्स केरोसीनमध्ये बुडवू नका. क्लचमधलं ग्रीस धुऊन जातं आणि चांगला भागही बाद होतो.

‘खर्रर्र’ असा घासण्याचा आवाज: आधी सेल्फचे फिटिंग बोल्ट आवळून बघा. मग पिनियनचे आणि रिंगचे दात बघा. इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं. चार सिलिंडरचं फ्लायव्हीलच्या दोन जागी, सहा सिलिंडरचं तीन जागी. त्यामुळे रिंगचे दात तेवढ्याच जागी झिजतात. गाडी कधी लागते आणि कधी नुसती घासते, याचं हेच कारण. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून फ्लायव्हील हाताने थोडं फिरवल्यावर सेल्फ लागला तर दोष रिंगमध्ये आहे असं समजा. रिंग गरम करून बसवलेली असते. दात फार गेले नसतील तर ती काढून, जागा फिरवून पुन्हा बसवता येते. मात्र गियरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून क्लचप्लेटचं काम निघेल तेव्हाच रिंगचंही उरकून घ्या.

किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो: चकती बोल्टांना चिकटली, दांडा अडकला किंवा किल्लीचा स्विच मागे आला नाही. ताबडतोब इंजिन बंद करा आणि बॅटरीचा कट-ऑफ असेल तर तो ओढा. इंजिनच्या वेगाने फिरलेला सेल्फ काही क्षणांत जळतो.

सेल्फ इंजिन जोरात फिरवतो, पण गाडी चालू होत नाही: मग सेल्फला दोष देऊ नका. डिझेल, फिल्टर किंवा लाइनमधली हवा बघा.

मीटर काय सांगतो?

साधा मल्टीमीटर प्रत्येक गाडीमालकाकडे असावा. इंजिन काही तास बंद असताना 12 व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण 12.6 दाखवते. 12.2 म्हणजे जवळपास अर्धी. सेल्फ मारताना व्होल्टेज 9.6 च्या खाली पडत असेल तर बॅटरी तपासून घ्या. दोन बॅटऱ्या जोडलेल्या 24 व्होल्टच्या गाडीत हे आकडे दुप्पट धरा. थंडीत विदर्भात गोंदियाचा पारा बऱ्याचदा सर्वात खाली असतो. त्या पहाटे बॅटरीची ताकद घटते आणि ऑइलही घट्ट होतं. क्लच दाबून सेल्फ मारला तर गियरबॉक्सचं ओझं तरी कमी होतं.

आता आमचं दुखणं ज्या तपासणीने पकडलं असतं, ती. बॅटरीच्या ज्या खुंटीची केबल चॅसीला गेली आहे, तिच्यावर मीटरची एक काडी ठेवा, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडावर. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. तसंच बॅटरीच्या दुसऱ्या खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत मोजा. काडी खुंटीवरच ठेवा, क्लॅम्पवर नको. क्लॅम्पखालचा गंज मग लपत नाही.

जीव आधी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दोन्ही बाजूंनी ओट, किल्ली मालकाच्या खिशात, एवढं झाल्याशिवाय कुणीही खाली जाऊ नये. पाना लावण्यापूर्वी अर्थची केबल काढा. हातातलं घड्याळ, अंगठी उतरवा. पाना आणि केबल यांच्यात अंगठी आली तर बोट भाजतं. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. आणि खाली झोपून पेचकसने सेल्फ मारण्याची सवय आपल्या मुलांना लावूच नका. जुन्या ट्रकला गाडी गियरमध्ये आहे की नाही ते कळत नाही, तो फक्त करंट ओळखतो.

गॅरेजला गेलात तर ‘सेल्फ खराब आहे’ एवढं सांगून गाडी सोडू नका. आवाज कसा येतो, गार असताना की गरम झाल्यावर, रोज की अधूनमधून, ते सांगा. बदललेला जुना भाग परत मागा. इमानदार उस्तादाला याचा राग येत नाही, उलट तो स्वतःच झिजलेला ब्रश तुमच्या हातावर ठेवतो.

आमचा भाचा आता गॅरेजचं काम शिकतो आहे. गाडीखाली जाण्यापूर्वी तो केबिनमध्ये चढून गियरचा दांडा हलवून बघतो. चाचांनी त्या पहाटे दिलेला हा धडा आम्ही घरातल्या प्रत्येक मुलाला देतो, तुम्हीही द्या.